वारशात आलेला फिल्म कॅमेरा: पैसे घालण्याआधी काय तपासायचं

लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून, जुन्या साड्यांच्या गठ्ठ्यामागून कॅमेरा निघतो. चामडी पेटीला कुबट वास, पट्टा तुटायला आलेला. हात आपोआप मागचं झाकण उघडायला जातो, आणि नेमकं तेच करायचं नाही. आत अर्धवट काढलेला रोल असू शकतो. कॅमेरा पुन्हा चालू करता येतो, पण उजेड लागलेला रोल परत मिळत नाही.

३५ मिमीच्या कॅमेऱ्यात रोल आहे का हे बाहेरून कळतं. डाव्या हाताला वर रोल मागे गुंडाळायची मूठ असते. ती बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. सैल फिरत राहिली तर कॅमेरा रिकामा असावा. पाव-अर्ध्या फेऱ्यात ताण लागला तर आत फिल्म आहे. अशा वेळी बुडाखालचं छोटं बटण दाबून मूठ फिरवत राहा. शेवटी ताण एकदम सुटतो, मग झाकण उघडा. मध्येच फार अडकलं तर जोर लावू नका, फिल्म कोरडी होऊन तुटते. हे काम डार्करूममध्ये किंवा हात घालायच्या काळ्या पिशवीत करून घ्या.

१२० रोलच्या (रुंद, पाठीला कागद असलेल्या फिल्मच्या) कॅमेऱ्यात मागे लाल काचेची छोटी खिडकी असते. तिच्यातून आकडा किंवा कागद दिसला तर रोल आहे. कागद संपून चावी सैल फिरेपर्यंत पुढे न्या, मंद उजेडात उघडा आणि रोल लगेच चिकटपट्टीने बांधा. याशिका मॅट-१२४जीसारख्या कॅमेऱ्याला लाल खिडकी नसते, तिथे आकडेमोजणी बघा. झाकण उघडलं की ती सुरुवातीच्या खुणेवर परत येते. म्हणजे तिच्यात दुसरा आकडा दिसत असेल तर आत रोल आहे असंच समजून चाला.

निघालेला रोल मशीनवर रंगीत रोल धुणाऱ्या दुकानात नुसता टाकून येऊ नका. कृष्णधवल रोल (ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' हमखास सापडतो) हाताने धुणाऱ्या माणसाकडेच द्या आणि तो किती जुना आहे ते सांगा. रंगीत निगेटिव्ह रोलवर रंग उडालेले असले तरी आकृती बऱ्याचदा निघते. कोडाक्रोम (कोडॅकचा रंगीत स्लाइड रोल) असेल तर त्याची मूळ प्रक्रिया जगात शिल्लक नाही. ती करणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. आता त्यातून निघाली तर कृष्णधवल प्रतिमाच निघेल.

आता कॅमेऱ्याकडे वळू.

आधी फिल्मचा प्रश्न

कॅमेरा कितीही देखणा असला तरी त्याची फिल्म मिळत नसेल तर दुरुस्तीचा विचार तिथेच आवरता घ्यावा. ३५ मिमी आणि १२० या दोन्ही फिल्म आजही बनतात आणि भारतात मिळतात. आपल्याकडच्या घरांतले बहुतेक कॅमेरे याच दोन जातींचे आहेत, ही नशिबाची गोष्ट आहे.

जुन्या कोडॅक ब्राउनींपैकी कित्येकांना ६२० रोल लागतो. फिल्म १२०चीच, फक्त तिची फिरकी बारीक. कोडॅकने ६२० विकणं १९९५मध्ये बंद केलं. अंधारात १२०ची फिल्म ६२०च्या फिरकीवर गुंडाळून कॅमेरा वापरता येतो, पण त्यासाठी ६२०च्या दोन फिरक्या हव्यात. म्हणून कॅमेऱ्यात सापडलेली रिकामी फिरकी कधीही फेकू नका. १२०च्या कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे. एक रिकामी फिरकी आत असल्याशिवाय नवा रोल चढत नाही. १२७ रोल अधूनमधून, महाग मिळतो. ११०ची काडतुसं लोमोग्राफीने २०१२पासून पुन्हा काढली. १२६ची काडतुसं, डिस्क आणि एपीएस यांची नवी फिल्म कोणी बनवत नाही. हे कॅमेरे पुसून शोकेसमध्ये ठेवा.

लेन्स: टॉर्च लावून पाच मिनिटं

कोकणात, मुंबईत, गोव्यात वाढलेल्या कॅमेऱ्याचा पहिला शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की काचेवरच्या धुळीवर आणि वंगणाच्या वाफेवर ती वाढते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता याहून वरच असते. चामडी पेटी ओल धरून ठेवते, त्यामुळे 'कॅमेरा पेटीत नीट जपला होता' याचा अर्थ बहुधा उलटाच निघतो. नागपूर-सोलापूरकडच्या कॅमेऱ्यांत बुरशी कमी, वाळलेलं वंगण जास्त.

तपासायची रीत अशी. अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) पूर्ण उघडा, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं) ठेवून बटण दाबून धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारत पुढून बघा. धुळीचे ठिपके दिसतीलच, त्यांनी फोटोत फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, कडेकडून आत शिरणारे तंतू म्हणजे बुरशी. सगळ्या काचेवर सारखं धुकं दिसलं तर ती वंगणाची वाफ, ती पुसून जाते. कडेला पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी कोर दिसली तर चिकटवलेल्या दोन काचांमधला डिंक सुटला आहे. त्यावर घरगुती इलाज नाही आणि साध्या कॅमेऱ्यासाठी तो करून घेण्यात अर्थही नाही.

बुरशी पुसता येते, पण तिने काढलेला आम्लाचा ओरखडा पुसता येत नाही. बुरशी जुनी असेल तर काच साफ केल्यावरही लेपावर तंतूंची फिकट नक्षी उरते. दोनचार बारीक खुणांनी विशेष बिघडत नाही, सूर्य समोर असताना फोटो थोडा पांढुरका येतो इतकंच. मागच्या काचेवर मध्यभागी धुरकट पट्टा असेल तर मात्र प्रत्येक फोटोत तो जाणवेल. पुढच्या काचेचे ओरखडे बघून लोक घाबरतात, पण मागच्या काचेचा दोष कितीतरी जास्त नडतो.

बुरशी असलेला कॅमेरा घरातल्या चांगल्या लेन्सांपासून लांब, वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

शटर: इथेच खरा निकाल लागतो

शटर तपासण्याआधी दोन सावधगिरी. एक, सोव्हिएत फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांत आधी फिल्म पुढे नेण्याची मूठ फिरवा, मगच वेग बदला. उलट क्रमाने केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. दोन, जुन्या पात्यांच्या शटरवर (पडद्याऐवजी लेन्समधली पाती उघडमीट करणाऱ्या) स्वयंचलित टायमरची कळ असते, तिला हात लावू नका. तिच्या आतलं घड्याळासारखं यंत्र वाळलेलं असतं, ते अर्ध्यात अडकतं आणि त्याच्यासकट अख्खं शटर बंद पडतं. चालणारा कॅमेरा बंद पाडायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

आता सगळ्यात हळू वेगापासून सुरू करा. एक सेकंदावर ठेवून बटण दाबा आणि ऐका. बारीक घरघर सलग चालली पाहिजे. ती मध्येच थांबली, शटर उघडंच राहिलं किंवा दोनतीन सेकंद लागले तर वंगण घट्ट झालं आहे. पन्नास वर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात हे अपेक्षितच असतं. सर्व्हिसिंगने बरा होणारा दोष, त्याने नाउमेद होऊ नका.

मोजमाप हवं असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने, मागचं झाकण उघडून शटरचं चित्रण करा. समोर दिवसाचा उजेड असू द्या, एलईडी ट्यूब नको, तिची लुकलुक गोंधळ करते. एक सेकंदाला २४० चौकटी उघड्या दिसायला हव्यात, १/८ला ३०, १/३०ला ८, १/६०ला ४. त्यापुढचे वेग या पद्धतीने मोजता येत नाहीत. ८ऐवजी १२ चौकटी दिसल्या तरी निगेटिव्ह फिल्मवर निभावतं, कारण ती जास्तीचा प्रकाश एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) सहज पचवते. स्लाइड फिल्म तेवढी माया करत नाही.

पात्यांच्या शटरमध्ये पात्यांवर तेलाचा ओशट डाग आहे का बघा. पाती तेलाने एकमेकांना चिकटतात आणि उघडायला उशीर करतात. लायटरचं पेट्रोल आत सोडून ती सुटतात हे खरं, पण काही दिवसांत तेल पुन्हा पसरतं, कारण मूळ तेल गिअरांतच असतं. डब्ल्यूडी-४० तर चुकूनही मारू नका. ते पात्यांवर, अॅपर्चरवर आणि लेन्सच्या आतल्या बाजूवर जातं, आणि दुरुस्तीचं काम दुप्पट होतं.

एसएलआरच्या (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याच्या) कापडी पडद्यासाठी वेगळी तपासणी. लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च लावा आणि मागून बघा. सुईच्या टोकाएवढी भोकं चांदण्यासारखी चमकतात. आरसा वर करून कॅमेरा उन्हात ठेवला गेला असेल तर पडद्याला जळका डागही असतो. मग सर्वांत जलद वेगावर कॅमेरा पांढऱ्या आकाशाकडे धरून मागून बघा. चौकट पूर्ण उजळली पाहिजे. एका बाजूची कड काळी राहत असेल तर दोन पडदे एका चालीने पळत नाहीत. पडद्याला बोट लावू नका. आरशालाही नाही, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो आणि कापसानेही ओरखडतो.

फोम, सेल आणि घडीची पिशवी

झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर आश्चर्य मानू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक जपानी कॅमेऱ्यांत तो विरघळलेलाच असतो. हे काम घरी जमतं, पुढे सांगतो.

सेलचं झाकण उघडा. हिरवट-पांढरी पूड म्हणजे सेल गळला आहे. बांबूच्या काडीने पूड सुकीच काढा, कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून संपर्कपट्टी पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पट्टी चमकली तरी सेल घातल्यावर मीटर (प्रकाशमापक) हलत नसेल तर गंज तारेच्या आत शिरलेला असतो. ती तार बदलावी लागते, दहा-पंधरा मिनिटांचं सोल्डरिंगचं काम आहे. फ्लॅश आत बसवलेला कॅमेरा मात्र घरी उघडू नका. सेल काढले तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार शिल्लक असू शकतो.

साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक मीटरांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटर चालतो पण आकडा चुकीचा दाखवतो, आणि सेल उतरत जाईल तशी चूक बदलते. सोपा उपाय औषधाच्या दुकानात आहे: कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्ट. तो मूळ सेलपेक्षा बारीक असल्याने भोवती रबरी वळं घाला. वरचा कागद काढला की सेल दोनेक महिन्यांत संपतो, तेवढं लक्षात ठेवा.

आणि मीटर बंदच असेल तर? त्यासाठी कॅमेरा नाकारू नका. मोबाइलवर प्रकाशमापक अॅप मिळतं. तेही नको असेल तर भर उन्हात अॅपर्चर एफ/१६ आणि वेग म्हणजे एक भागिले फिल्मचा आयएसओ (तिच्या संवेदनशीलतेचा आकडा), आयएसओ १००ला १/१००च्या जवळचा १/१२५. सावलीत तीन स्टॉप जास्त.

घडीच्या कॅमेऱ्याची (लेन्स पुढे ओढून उघडायच्या) चामडी किंवा कापडी पिशवी अंधारात आतून टॉर्च लावून तपासा, भोकं नेहमी कोपऱ्यांवर असतात. पन्नाशीच्या दशकातल्या अॅग्फा घडीच्या कॅमेऱ्यांत ही पिशवी हमखास फुटलेली सापडते. शिवाय त्यांचं हिरवं ग्रीस वाळून सिमेंटसारखं होतं आणि फोकसचं कडं फिरतच नाही. ते पकडीने फिरवू नका, ऊब आणि लायटरचं पेट्रोल यांनी ते हळूहळू सुटतं.

घरोघरी सापडणारे काही कॅमेरे

अॅग्फा क्लिक-३ आपल्याकडे इतक्या घरांत होता की त्याच्यासाठी वेगळं सांगायला हवं. १२० रोल, १२ चौकोनी फोटो, एकच साधी काच, ऊन आणि ढग अशा खुणा. बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही: स्प्रिंग गंजते, काच धुरकट होते. पुसून, स्प्रिंग मोकळी करून रोल घाला. आयएसओ १०० निगेटिव्ह, उन्हात, सूर्य पाठीशी, माणूस दोन-तीन मीटरवर. आजची फिल्म लाल उजेडालाही संवेदनशील आहे, म्हणून लाल खिडकीवर काळी पट्टी लावा आणि आकडा बघण्यापुरतीच उचला. या कॅमेऱ्यावर मोठा खर्च करू नका, तो मागतही नाही.

याशिका मॅट-१२४जी आणि तिच्या बहिणी म्हणजे लग्नाच्या फोटोग्राफरांचं साधन. आजोबा किंवा काका स्टुडिओ चालवत असतील तर हीच निघण्याची शक्यता जास्त. १९७०मध्ये आलेली १२४जी ८० मिमी एफ/३.५ लेन्सची आणि पूर्णपणे यांत्रिक शटरची आहे. सेल फक्त मीटरला, आणि तोही वरचं झाकण उघडलं की चालू होतो, म्हणून वापरून झालं की ते मिटवा. तिच्यावर पैसे घालणं बहुतेक वेळा योग्यच ठरतं: हळू वेगांचं तेलपाणी, फोकसच्या काचेखालचा काळवंडलेला आरसा, आणि पुढच्या लेन्सची सफाई. फक्त फिल्म पुढे न्यायची दांडी अडकली असेल तर जोर लावू नका. त्या यंत्रणेचे सुटे भाग दुसऱ्या कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात.

पेंटॅक्स के-१००० (१९७६ ते १९९७) चांगल्या स्थितीत असेल तर विचार करायची गरजच नाही. शटर सेलशिवाय चालतं. मीटरला वेगळी कळ नाही, लेन्सवर टोपी घातली नाही तर सेल झिजत राहतो.

झेनिट-ईचं मीटर सेलेनियमचं, त्याला सेल लागत नाही. ते मेलं असेल तर त्याच्यामागे लागू नका. झेनिटचं शटर अडलं तर कॅमेऱ्यापेक्षा त्याची लेन्स मोलाची आहे. हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२, एम४२ आट्यांची, साध्या कड्याने मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. निकॉनच्या डीएसएलआरवर बसवली तर दूरचा फोकस लागत नाही, कारण त्या कॅमेऱ्यात सेन्सर लेन्सच्या बैठकीपासून ४६.५ मिमी मागे आहे, तर या लेन्सला हे अंतर ४५.४६ मिमी हवं. असा अर्धा वारसा वापरात आणणं हाही एक चांगला निर्णय आहे.

याशिका इलेक्ट्रो ३५ची गोष्ट वेगळी, तिचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सेलशिवाय ती फक्त १/५०० सेकंदाने फोटो काढते. मूळ ५.६ व्होल्टच्या सेलऐवजी ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल साध्या नळीच्या आधाराने बसतो. फिल्म पुढे नेताना आतून 'टक' असा आवाज आला नाही तर आतला रबराचा छोटा तुकडा भुगा झाला आहे. तो बदलायचा तर कॅमेरा बऱ्यापैकी उघडावा लागतो. कॅनन एई-१ आणि मिनोल्टा एक्स-७०० सेलशिवाय मुळीच चालत नाहीत. एई-१ बटण दाबल्यावर कण्हल्यासारखा आवाज करत असेल तर आरशाच्या यंत्रणेचं वंगण वाळलं आहे, ते थेंबभर तेलाने सुधारतं. एक्स-७०० नवा सेल घालूनही मेलेला असेल तर बुडाखालचा कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो बदलता येतो. सर्किटच गेलं असेल तर तिथे थांबा.

मग ठरवायचं कसं

बरेच जण बाजारभाव बघून ठरवतात: चालू स्थितीतला असाच कॅमेरा चार हजारांना मिळतो, मग चार हजारांची दुरुस्ती कशाला? आमच्या मते हा हिशेब चुकीच्या जागी सुरू होतो. फिल्म कॅमेऱ्यात दुरुस्ती हा मोठा खर्च नसतो, फिल्म हा मोठा खर्च असतो. तुमच्या शहरातले भाव घालून हे करून बघा. समजा रोल ९०० रुपये आणि धुणं-स्कॅन ४५०, म्हणजे १,३५० रुपये. ३६ फोटोंच्या रोलला एक फोटो साडेसदतीस रुपयांना पडतो, १२ फोटोंच्या १२० रोलला एकशे साडेबारा रुपयांना. वर्षाला दहा रोल काढलेत तर साडेतेरा हजार. त्यात चार हजारांची दुरुस्ती म्हणजे १२०च्या कॅमेऱ्याला प्रत्येक फोटोमागे तेहतीस रुपये, ३५ मिमीला अकरा.

म्हणून खरा प्रश्न असा विचारा: येत्या वर्षात या कॅमेऱ्याने आठ-दहा रोल कोण काढणार आहे? घरात असा माणूस असेल, लेन्स खरवडलेली नसेल आणि शटर निदान हलत असेल तर दुरुस्त करा, बाजारभाव काहीही असो. असा माणूस नसेल तर दुरुस्त केलेला कॅमेरा पाच वर्षांत त्याच कपाटात पुन्हा वाळेल. तेलपाणी केलेलं शटरही वापराविना घट्ट होतं.

हा कॅमेरा ज्यांचा होता ते हयात असतील तर त्यांना विचारूनच पुढे जा. त्यांनी त्याच्यावर नाव कोरलं असेल, स्टुडिओचा शिक्का पेटीवर असेल, हाताळून पितळ उघडं पडलं असेल. ते तसंच राहू द्या. नवं चामडं लावून, रंग देऊन कॅमेरा चकाचक करणाऱ्यांना तुम्ही तसं सांगितलं नाही तर ते या खुणा पुसून टाकतील.

मिस्त्रीकडे जाताना

जुने कॅमेरे उघडणारे कारागीर कमी उरले आहेत, पण संपलेले नाहीत. मुंबईत फोर्टमधल्या बोराबाजारात चौकशी करावी, इतर शहरांत जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारावं. 'बघून सांगतो'वर कॅमेरा ठेवून येऊ नका. लेखी घ्या: सगळे वेग चालू होणार का, लेन्स आतून उघडून साफ होणार का, दूरचा फोकस पुन्हा जुळवला जाणार का, फोम बदलणार का. शेवटचे दोन मुद्दे बहुतेकदा राहून जातात. पुढची काच फिरवून फोकस होणाऱ्या कॅमेऱ्यात काच काढली की फोकस सरकतो. तो न जुळवता कॅमेरा परत आला तर सगळे रोल धूसर निघतील आणि दोष कुठे ते कळणार नाही. बदललेले भाग परत मागा, आणि दुरुस्तीआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

काही कामं घरी होतात. फोमसाठी: खाचेतला जुना चिकटा बांबूच्या काडीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅमेरा उलटा धरा म्हणजे भुगा शटरवर पडणार नाही. मग खाचेत १.५ मिमीच्या आसपास जाडीचा, पाठीला डिंक असलेला काळा फोम, बिजागरीजवळ २ मिमी. अरुंद खाचेत काळा लोकरीचा धागाही चालतो. झाकण जोर न लावता बंद झालं पाहिजे. फोम जाड झाला तर कडी ताणली जाते.

बाहेरच्या काचेवर बुरशी असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं. औषधाच्या दुकानातलं बहुधा ६ टक्क्यांचं असतं, तितकंच डिस्टिल्ड पाणी मिसळून ३ टक्के करा. लेन्सच्या कागदावर दोन थेंब घ्या, काचेवर थेट नाही, मिनिटभर टेकवा, मग पाण्याच्या ओलसर कागदाने आणि शेवटी कोरड्याने. आतल्या काचांसाठी लेन्स उघडायचा मोह टाळा.

पहिला रोल हा तपासणीचा रोल

दुरुस्तीहून आलेला कॅमेरा लग्नाला नेऊ नका. आयएसओ २०० किंवा ४००चा निगेटिव्ह रोल घाला आणि वही जवळ ठेवा. एकच भिंत, एकच उजेड, आणि वेग-अॅपर्चरच्या जोड्या बदलत प्रत्येक वेगावर एक फोटो. मग लेन्स पूर्ण उघडून एक मीटरवरची वर्तमानपत्राची पानं, आणि दूरची टेकडी किंवा इमारत. शेवटी एका फोटोआधी कॅमेरा पाच मिनिटं उन्हात उलटा-पालटा ठेवा.

धुतलेली निगेटिव्ह उजेडात धरून वाचा. फोटो एकमेकांवर चढले असतील तर फिल्म पुढे नेणारी यंत्रणा घसरते आहे. एकाच जागी काळी रेघ येत असेल तर तिथून उजेड शिरतो, आणि रेघ फिल्मच्या भोकांपर्यंत गेली असेल तर दोष झाकणाचा, लेन्सचा नव्हे. भिंतीच्या चौकटींत हळू वेगांची चौकट इतरांपेक्षा गडद असेल तर तो वेग अजून रेंगाळतो आहे. जलद वेगावर फोटोची एक बाजू फिकट असेल तर पडद्याची चाल जुळलेली नाही. टेकडी धूसर आणि वर्तमानपत्र स्पष्ट असेल तर दूरचा फोकस बिघडला आहे. अशी निगेटिव्ह घेऊन मिस्त्रीकडे गेलात तर त्याला सांगायला शब्दही लागत नाहीत.

दुरुस्त करायचा नाही असं ठरलं तर

सेल काढा, शटर सोडलेल्या स्थितीत ठेवा, चामडी पेटी वेगळी ठेवा. हवाबंद डब्यात १०० ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. तांदूळ नको, त्याची पूड यंत्रात जाते. जेलचा रंग बदलला की तव्यावर नाही, मंद ओव्हनमध्ये वाळवा. महिन्यातून एकदा शटर सगळ्या वेगांवर दोनदा चालवा.

आणि वाचलेल्या पैशांत एक काम आधी करा: कॅमेऱ्याच्या पेटीत, अल्बमच्या पाठीमागे, लिफाफ्यांत निगेटिव्ह आहेत का शोधा. त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ॲसिटेट फिल्म सडू लागली आहे, त्या इतरांपासून वेगळ्या करा आणि सगळ्यात आधी त्याच स्कॅन करून घ्या. बाकीच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवा, पीव्हीसीच्या जुन्या अल्बममध्ये नको, ते निगेटिव्हला चिकटतं. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने सन आणि माणसांची नावं लिहा, ज्यांना ती ओळखता येतात ते घरात आहेत तोवर.